लाल रेषेपर्यंत पाणी

पहिली गोगलगाय काचेवरून सुटून वाळूत पडली, तेव्हा बाबांना बदलीवर जाऊन तीन आठवडे झाले होते. मी तिला लांब चिमट्याने उचलून पुन्हा काचेला लावली. ती चिकटली नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पडल्या.

आमच्या बंगलोरच्या घरात, बाहेरच्या खोलीत, तीन फुटांची काचेची टाकी होती आणि तिच्यात खारं पाणी होतं. कॉलनीत गोल्डफिश पुष्कळांकडे होते. पण खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची टाकी फक्त बाबांची. ते एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. नोकरीसाठी पुण्याहून इथे आले आणि राहिले. टाकीच्या काचा त्यांनी स्वतः चिकटवल्या होत्या, वरचं ट्यूबलाइटचं खोकं स्वतः बनवलं होतं, पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारी उभी नळीसुद्धा घरीच जोडली होती. प्रवाळ शिवाजीनगरच्या बाजारातल्या एका मासेवाल्याकडून आणले होते. नव्वदीच्या त्या वर्षांत ते मिळायचे. नंतर त्यांच्यावर बंदी आली, आणि आज मला वाटतं, ती यायलाच हवी होती. पण तेव्हा ते आमच्या घरात होते, जिवंत होते, आणि चार महिने माझ्या जबाबदारीवर होते.

बाबांची उत्तरेकडच्या एका प्रकल्पावर तात्पुरती बदली झाली होती. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला टाकीसमोर बसवलं. दोन पानांची, इंग्रजीत लिहिलेली सूचनांची यादी दिली आणि एक जाड पुठ्ठ्याची वही दिली. रोजचं तापमान, खारटपणा, किती पाणी वर घातलं, सगळ्याचे रकाने आखलेले. काचेवर त्यांनी लाल ऑइलपेंटने एक बारीक रेषा मारली होती.

"पाणी उडतं, मीठ उडत नाही," ते म्हणाले. "म्हणून पाणी रेषेखाली गेलं की भर घालायची. फक्त डिस्टिल्ड. कॅनमधलं. नळाचं नाही, बोअरचं नाही."

मी मान हलवली. मी वीस वर्षांची होते, बीएस्सी करत होते, आणि घरात मान हलवून माझं बहुतेक काम भागत असे. पण बाबांनी मला आजवर स्वतःहून काही सोपवलं नव्हतं. मी तोडफोड करणारी मुलगी नव्हते, तशी पुढे होऊन मागणारीही नव्हते. ती वही हातात आली तेव्हा मी मनाशी ठरवलं, की बाबा परत येतील तेव्हा टाकी जशी आहे तशी दिसली पाहिजे.

टाकीत दोन नारिंगी क्लाउन मासे होते, एक निळा मासा, डझनभर गोगलगायी, आणि दोन प्रवाळ. एका दगडावर हिरव्या बटणांसारखी फुलं होती, त्यांना आम्ही बटणंच म्हणायचो. दुसरं लेदर कोरल. कातड्यासारखं बदामी, भल्या मोठ्या अळंबीच्या आकाराचं, पसरलेल्या पंजाएवढं. ट्यूब लागली की त्याच्या माथ्यावर शेकडो बारीक बोटं उगवायची आणि पाण्याबरोबर डुलायची. बाबा ऑफिसातून आल्यावर बूट काढायच्या आधी त्याच्याकडे बघायचे.

आईला हे सगळं नामंजूर होतं. "समुद्र बघायचा तर माणूस कोकणात जातं," ती म्हणायची. "इथे खोलीत समुद्र आणून त्याला वारा घालत बसतात." किंवा पाहुण्यांसमोर, "पोवळं लोक बोटात घालतात. आमच्याकडे त्याला खाऊ घालतात." टाकीचा उल्लेख ती 'तुमचं ते' असा करायची. बाबा गेल्यावर त्यात फक्त एवढा फरक पडला, की ते 'तुझं ते' झालं.

गोगलगायी पडल्या त्या आठवड्यात बटणं मिटली. मग लेदर कोरल. त्याची बोटं आत गेली, माथा मेणासारखा तुळतुळीत झाला आणि ते एका बाजूला कललं. मी बाबांची यादी काढली. त्यात लिहिलं होतं: 'लेदर कधी कधी आठवडाभर मिटून बसतं, साल टाकतं. घाबरू नको.' त्या शेवटच्या दोन शब्दांना धरून मी दहा दिवस बसले. मला ते दोन शब्द हवेच होते. त्याच सुमारास बाबांचं आंतर्देशीय पत्र आलं. खारटपणा किती, तापमान किती, लेदर कसं आहे. मी आकडे खरे लिहिले आणि शेवटी लिहिलं, 'बाकी सगळं ठीक.'

अकराव्या दिवशी साल पडली नव्हती, आणखी चार गोगलगायी मात्र पडल्या होत्या. मग मी कामाला लागले.

आधी उन्हाळा. मार्चमध्ये दुपारी टाकी एकतीसवर जात होती. मी पाण्याच्या बाटल्या फ्रिजमध्ये गोठवून टाकीत तरंगत ठेवल्या, टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळवला, तापमान सत्तावीसवर आणून दाखवलं. लेदर तसंच. मग प्रकाश. ट्यूब जुन्या झाल्या की डोळ्यांना कळत नाही पण प्रवाळांना कळतं, असं यादीत होतं. स्टुलावर चढून चारही ट्यूब बदलल्या. तसंच. मग खारटपणा पुन्हा पुन्हा मोजला. बाबांच्या छोट्या बाटल्यांतले थेंब घालून रंग बघितले, मासे जे घाण करतात तिचं प्रमाण तपासलं. सगळे रंग यादीतल्या रंगांसारखे. वहीप्रमाणे टाकी निरोगी होती.

दिवाणाखाली बाबांनी मंगलोरहून आणवलेल्या समुद्राच्या पाण्याचे कॅन ठेवले होते. मी टाकीतलं एक चतुर्थांश पाणी काढून ते घातलं. दोन दिवसांत बटणं अर्धी उघडली! मी पत्र लिहायला बसले, या वेळी खरंच 'ठीक' लिहिता येईल म्हणून. पाचव्या दिवशी ती पुन्हा मिटली. परत पाणी बदललं, परत दोन दिवस बरं, परत मिटली. कॅन संपले. पण एवढं कळलं, की पाण्यात काहीतरी आहे आणि ते पुन्हा पुन्हा येतंय.

बाबांना विचारता आलं असतं. कोपऱ्यावर एसटीडी बूथ होता. पण तोपर्यंत मी तीन पत्रांत 'ठीक' लिहून बसले होते.

म्हणून मी शिवाजीनगरला गेले. दुकानात जाऊन बोलायचं म्हणजे मला आधी कागदावर लिहावं लागायचं. बसमध्ये मी सहा प्रश्न लिहिले. मासेवाल्याच्या दुकानावरून दोनदा पुढे गेले, समोरच्या छत्रीवाल्याकडे उगीच छत्र्या बघितल्या, मग तिसऱ्यांदा आत शिरले. दुकानदार साठीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे. बाबांबरोबर मी एकदा आले होते, ते त्यांच्या लक्षात होतं.

"इंजिनिअर साब की बेटी ना? क्या होना?"

मी कागद उघडला. त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला आणि घडी करून गल्ल्यावर ठेवला.

"ये बाद में. मुँह से बोलो. मछली कैसे हैं?"

"ठीक हैं. खाते हैं."

"घोंगे?"

"मर गए. अब दो बचे हैं. और कोरल बंद है."

"मूंगा बंद. घोंगा मरा. मछली मजे में." त्यांनी तीन बोटं मोजली. "नीली दवा डाले क्या?"

"नहीं."

"मछली को सफेद दाने हुए होंगे, किसी ने बोला होगा दवा डालो."

"नहीं, कुछ नहीं डाला."

"देखो बेटी, ये तांबे का काम है. नीली दवा में तांबा रहता. मछली को तांबा स्वल्प चलता, इन लोगां को बिल्कुल नक्को. घोंगा पहले जाता, फिर मूंगा. घर में पूछो. कोई तो डाल रहा."

घरात आम्ही दोघीच होतो, आणि आई त्या टाकीला हातसुद्धा लावत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते हसले. "हौ, हौ. पानी लाओ. मेरे पास जाँचने का है."

दुसऱ्या दिवशी मी जॅमच्या बाटलीत टाकीचं पाणी घेऊन गेले. त्यांनी फडताळातून एक धुळकट खोकं काढलं, काचेच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, आणि नळी बाहेर उन्हाकडे धरली. रंग चढला. फार नाही, पण चढला.

"है," ते म्हणाले. "अब घर जाके चोर ढूंढो."

मी चोर शोधला. ट्यूबच्या खोक्याला चार पितळी स्क्रू होते, ते काढून टाकले. पंपाचं प्लॅस्टिक उघडून कुठे तार उघडी पडलीय का बघितलं. वाळू चाळली, कोणी नाणं टाकलंय का म्हणून. शेजारच्या अक्कांचा नातू कधीतरी येऊन काचेला नाक लावायचा, त्यालाही विचारलं. तो रडायला लागला. त्या अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यांचं मराठी अर्धं कन्नडमधलं. त्या म्हणाल्या, "सरी, सरी, मीन वाचतील ग, पोराला कशाला पोलिसासारखं विचारतेस?" आई आतून सगळं ऐकत होती. "हिचं ते बिघडलंय ना," ती अक्कांना म्हणाली, "म्हणून सगळ्या जगाची झडती चाललीय."

शनिवारी सकाळी मी वही घेऊन बसले. प्रत्येक रकान्याचा आलेख काढायचा ठरवलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. तापमान वर गेलं, खाली आलं. खारटपणा सरळ. शेवटचा रकाना होता वर घातलेल्या पाण्याचा. बाबा गेले त्या आठवड्यात मी रोज साधारण दीड लिटर घालत होते. मग एक लिटर. मग कधी अर्धा, कधी काहीच नाही. मला आठवलं, तेव्हा मला बरंच वाटलं होतं, कॅन पुरतायत म्हणून.

मी पेन्सिल खाली ठेवली. मार्च संपून एप्रिल लागला होता. गच्चीवरचे कपडे तासाभरात वाळत होते, टेबलफॅन दिवसभर पाण्यावर वारा घालत होता. आणि आमच्या टाकीतलं पाणी कमी उडत होतं?

सोमवारी मी कॉलेजला दांडी मारली. आईला म्हटलं, दोन तास उशिरा जायचंय. माझ्या खोलीत बसले, दार चार बोटं उघडं ठेवून. मला हे करताना लाज वाटत होती, तरी मी उठले नाही.

आईची सकाळ ठरलेली होती. आंघोळ, पूजा, मग पहिल्यांदा तांब्याच्या कळशीतलं पाणी पिणं. ती कळशी तिच्या माहेरची. रोज रात्री गाळलेलं पाणी तिच्यात भरून ठेवायची, सकाळी तेच देवाला, तेच आम्हाला. दर दोन दिवसांनी चिंचेने घासून ती लखलखीत करायची. त्या दिवशी पूजा झाल्यावर तिने कळशीतून तांब्या भरून घेतला आणि बाहेरच्या खोलीत आली. पदर खोचला. टाकीवरची काच अलगद सरकवली. मग वाकून, एक डोळा बारीक करून, पाण्याची पातळी लाल रेषेशी जुळवत जुळवत ती काचेच्या कडेने धार सोडत राहिली, तुळशीला घालतात तशी, संथ. थांबली, बघितलं, आणखी थोडं घातलं. काच होती तशी लावली, आणि बाहेर उडालेला थेंब पदराने पुसला.

मग ती तिथेच जरा उभी राहिली. "खा रे," ती माशांना म्हणाली.

मी दाराआड बसून होते. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की काही बोलायलाच नको. काचेवर एक वजन ठेवू, किंवा पहाटे आपणच पाणी रेषेपर्यंत भरून ठेवू, म्हणजे तिला घालायला जागाच उरणार नाही. आमच्या घरात अशा गोष्टी अशाच मिटायच्या. पण ती एखाद्या दिवशी घालणारच. आणि लेदरच्या बुंध्याशी आता काळा डाग दिसायला लागला होता.

मी स्वयंपाकघरात गेले. ती पोळ्या करत होती.

"आई, टाकीत पाणी तू घालतेस?"

"कुठल्या टाकीत?"

"बाहेरच्या."

तिने पोळी उलटली. "घालते थोडंसं. तू सकाळी धावतपळत जातेस, पाणी रेषेखाली गेलेलं असतं. त्यांनी रेषा काय शोभेला मारलीय?"

"कुठलं घालतेस?"

"नळाचं नाही हं घातलं. तुमचं ते क्लोरिन का काय, तेवढं मला कळतं. माझं देवाचं पाणी घालते. कळशीतलं. ह्या घरात त्याहून शुद्ध पाणी नाही."

"आई, त्यांना तांबं चालत नाही."

"कोणाला?"

"प्रवाळांना. गोगलगायींना. त्यांना ते विष आहे."

"तांबं विष!" ती हसली. "जन्मभर पितोय आपण. तुझ्या डोळ्यांना झालं होतं तेव्हा वैद्यांनी काय सांगितलं होतं?" मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचं हसू थांबलं. "त्या शंखातल्या... सगळ्या त्याच्यामुळे?"

"हो."

तव्यावरची पोळी करपायला लागली. तिने गॅस बंद केला, पोळी काढली, आणि करपलेला भाग बोटांनी तोडत राहिली.

"मला कोणी सांगितलं का?" ती म्हणाली. आवाज चढला होता. "यादी तुला दिली. इंग्रजीत. दोन पानं. मला एक रेषा दिसत होती, मी तेवढी बघितली."

"मलाही माहीत नव्हतं, आई."

"तुला निदान समोर बसवून सांगितलं त्यांनी."

त्या दिवशी ती माझ्याशी आणखी बोलली नाही. मीही तिच्याजवळ गेले नाही. शिवाजीनगरला मात्र गेले. दुकानदारांनी सांगितलं ते सोपं होतं आणि मोठं होतं. पाणी बदला, एकदा नाही, तीनदा. कोळशाचे काळे दाणे जाळीच्या पिशवीत घालून पाण्याच्या प्रवाहात ठेवा, ते तांबं ओढतील. समुद्राचं पाणी नसेल तर हे परदेशी मीठ घ्या, पण ते डिस्टिल्डमध्येच विरघळवा. आणि लेदरचा काळा भाग?

"काटो," ते म्हणाले. "नया ब्लेड. सड़ा सो सब निकाल देना. अच्छा टुकड़ा पत्थर को बाँधना."

"मर गया तो?"

"नहीं काटे तो मरेगाच. डरो नक्को."

डिस्टिल्ड पाणी बाबा बोम्मसंद्र्याच्या एका छोट्या कारखान्यातून आणायचे. तिथे बॅटऱ्यांसाठी ते बनवत. बाबा त्यांच्या एका मित्राच्या गाडीतून कॅन आणत असत. मी बाबांच्या मित्राला फोन करायचा विचार केला आणि सोडून दिला. त्यांनी बाबांना सांगितलं असतं. आनेकलच्या बसने जायचं, दहा लिटरचे दोन कॅन आणायचे, परत जायचं, असं मी ठरवलं.

सकाळी सातला मी निघाले तर आई चपला घालून दारात उभी. तिच्या हातात धुतलेले दोन रिकामे कॅन.

"दोन तू, दोन मी," ती म्हणाली. "म्हणजे एका खेपेत होईल."

 कारखान्याच्या फाटकावर मी वॉचमनला काय सांगावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात आईने आपल्या मोडक्या कन्नडमध्ये बाबांची सगळी ओळख देऊन टाकली आणि कॅन पुढे केले. परतताना आनेकलहून आलेली बस भरलेली होती. रात्रपाळी संपवून निघालेले कामगार, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बायका. आम्ही चार कॅन कसेबसे आत चढवले. कंडक्टर आला आणि कॅनवर पेन्सिल आपटून म्हणाला, "एनम्मा इदु?" हे काय आहे?

"नीरु," मी म्हणाले.

"नीरा? ऊरल्लि नीरिल्वा?" गावात पाणी मिळत नाही का, असं त्याने सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं. बायका हसल्या. माझे कान तापले.

"इदे," आई म्हणाली. "आदरे मीनिगे सरी इल्ला." आहे, पण माशांना चालत नाही.

"मीनिगा!" कंडक्टरने कपाळाला हात लावला. माशांसाठी पाणी, तेही बसने! शेजारच्या टोपलीवाल्या बाईने आपुलकीने विचारलं, "तिन्नोदक्का?" खायला पाळलेत का?

"अय्यो, इल्ला!" आई एवढ्या जोरात दचकली, की मला हसू आलं. जन्मात अंडं न खाल्लेली माझी आई. मग तीही हसली. कंडक्टरने पायाने दोन कॅन सीटखाली ढकलून जागा केली. आईने कॅनचं झाकण घट्ट आहे का ते बघितलं. दोन थांबे गेल्यावर ती मला म्हणाली, "एवढं लांबून आणत होते ते?"

"हो."

"मला वाटायचं, कुठल्या मित्राकडे जातात."

त्या आठवड्यात आम्ही तीन खेपा केल्या. मीठ प्लॅस्टिकच्या मोठ्या पिंपात विरघळवलं. आई प्रत्येक वस्तूला हात लावायच्या आधी विचारायची. स्टील चालेल? हे पितळ नाही ना? हातातल्या बांगड्या तिने आधीच उतरवून ठेवल्या होत्या, सोन्याच्या असूनही. सोन्यात तांबं मिसळतात, तिने मला सांगितलं. हे मला माहीत नव्हतं.

बटणांचा दगड वाचला नाही. त्याला वास यायला लागला तेव्हा मी तो काढून टाकला. लेदर मी परातीत खाऱ्या पाण्यात ठेवून कापलं. परात स्टीलची. नव्या ब्लेडने, काळ्या भागाच्या वरून, अर्धा इंच निरोगी भाग सोडून. ते कापताना थोडं करकरलं. आईने टॉर्च धरला होता आणि तोंड फिरवलं होतं. "झालं?" "नाही." "झालं?" "आई, टॉर्च इकडे." उरला तो लिंबाएवढा तुकडा. तो मी रबरबँडने एका दगडाला सैल बांधला आणि टाकीत ठेवला.

त्याच दुपारी मी बाबांना पत्र लिहिलं. तो तुकडा जगेल की नाही ते मला माहीत नव्हतं, आणि कळेपर्यंत थांबले तर मी पुन्हा 'ठीक' लिहीन, हे मला माहीत होतं. मी लिहिलं: 'बाबा, मागच्या तिन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं. गोगलगायी मेल्या. बटणं गेली. लेदरचा एक तुकडा उरलाय. पाण्यात तांबं गेलं होतं, आता बंद झालंय.' आईचं नाव मी लिहिलं नाही. बाबांचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. त्यात कोळसा किती ग्रॅम घातला, पाणी किती टक्के बदललं, असे नऊ प्रश्न होते, आणि दहावा, 'तांबं कुठून?' मी नऊ प्रश्नांची उत्तरं दिली.

तुकडा दोन आठवडे तसाच होता. मी रोज वहीत लिहायचे, फरक नाही. तापमान, खारटपणा, फरक नाही. पाणी आता आईच घालायची, डिस्टिल्ड, स्टीलच्या भांड्याने. मी तिला सांगितलं की मग वहीतही तूच लिहायचं, नाहीतर आलेख चुकतो. तिने चष्मा लावला आणि माझ्या इंग्रजी रकान्यात सुवाच्य मराठीत लिहिलं: 'स्टील भांडं १.'

मग ती मागची पानं उलटायला लागली.

"हे सगळं चुकीचं आहे ना मग?" ती म्हणाली.

"काय?"

"मी घातलेलं तू धरलंच नाहीस. कुठल्या तारखेपासून लिहू?"

"राहू दे आई. ते झालं आता."

"वही त्यांची आहे," आई म्हणाली. "त्यांच्या वहीत चुकीचं नको." तिने कॅलेंडर काढलं, दुधाची खाडाखोड बघितली, ते गेल्यावर तिसरा दिवस, गुरुवार, असं काहीतरी पुटपुटत तारीख ठरवली, आणि त्या दिवसापासून खाली एकेका ओळीत लिहीत गेली. पाच पानं. मी तिला थांबवलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मी आंघोळीला गेले होते, तेव्हा बाहेरच्या खोलीतून तिची हाक आली. "अगं, लवकर ये! तुझं ते उठलंय!" मी ओल्या केसांनी धावले. लिंबाएवढ्या तुकड्याच्या माथ्यावर, एका कडेला, सात-आठ बारीक बोटं वर आली होती. आई गुडघ्यांवर बसून मोजत होती. तिची नऊ भरली.

जूनमध्ये बाबा आले. बॅग दारात ठेवून, बूट न काढता, टाकीसमोर उभे राहिले. जिथे पंजाएवढं लेदर होतं तिथे आता छोटी वाटी होती, पण ती पूर्ण उघडी होती आणि पाण्याबरोबर डुलत होती. बाबा वाकले. त्यांनी रबरबँडच्या खुणेवर बोट ठेवलं, काचेबाहेरून.

"कोणी कापलं?"

"मी."

त्यांनी मान हलवली. मग वही मागितली आणि दिवाणावर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागले. फेब्रुवारीच्याच पानावर त्यांचा हात थांबला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. माझ्या आकड्यांच्या शेजारी, शेवटच्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत निळ्या शाईत लिहिलं होतं: कळशीचं पाणी, तांब्या १. कळशीचं पाणी, तांब्या १. कळशीचं पाणी, तांब्या १.

"हे कोणी लिहिलं?" बाबांनी विचारलं.

मी काही बोलणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

"पाणी घालणारीनं," आई म्हणाली. "बूट काढा आधी."